शाई नाही, डिस्क बदला

"लग्नाच्या डीव्हीडीवर नावं छापली, दोन दिवस झाले तरी शाई बोटाला लागतेय, दुसरी शाई आणू का?" हे तुमचं वाचलं आणि माझा २०१८ चा मे महिना आठवला. शाई आणू नका. डिस्क चुकीच्या आहेत, मला जवळजवळ खात्री आहे.

बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांची भजनं रेकॉर्ड करून नातेवाइकांना द्यायची होती. घरात एपसन एल८०५ होता, डिस्कवरही छापणारा शाईचा प्रिंटर. ओळखीच्या दुकानातून शंभर डिस्कचा डबा आणला. पांढऱ्याशुभ्र, वर 'प्रिंटेबल' छापलेलं. मी तेवढंच वाचलं. निघाल्या थर्मल प्रिंटेबल, म्हणजे रिबनवर चालणाऱ्या प्रिंटरसाठीच्या! त्यांचा थर शाई पीतच नाही, शाई थेंब होऊन वरच बसते. मला वाटलं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, तुंबलं. सहा-सात वेळा हेड क्लीनिंग केलं. त्यात किती शाई जाते ते विचारू नका, आणि ती सगळी आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या बोळ्यात, साठते. तो भरला की प्रिंटर अडून बसतो.

दुकानात तीन खेपा घातल्या. "डबा फोडलाय, परत नाही." मग "शाई लोकल असेल." शाई कंपनीचीच होती, बिल दाखवलं, तरी तेच. दोन्ही प्रकारच्या डिस्क विकणाऱ्याला त्यांतला फरक माहीत नसावा, याचा राग मला आजही येतो. कार्यक्रम आठवड्यावर आला होता हो!

तेव्हा वेष्टनावर 'इंकजेट' (म्हणजे आपल्यासारख्या शाईच्या प्रिंटरसाठी) हा शब्द असल्याशिवाय घेऊ नका. शक्यतो आधी दहाचं पाकीट घ्या. मी ओलसर बोट कडेला टेकवून बघतो, इंकजेटचा थर किंचित चिकटतो.

दुसरं, मधलं वर्तुळ. 'हब प्रिंटेबल' डिस्कवर भोकाजवळ साधारण २३ मिमी व्यासापर्यंत छापता येतं, साध्या प्रिंटेबलवर मधलं बरंच मोठं वर्तुळ कोरं राहतं. सॉफ्टवेअरमध्ये आतला व्यास डिस्क मोजूनच भरा. नाहीतर शाई उघड्या प्लास्टिकवर आणि डिस्क ठेवायच्या ट्रेवर पडते, आणि पुढच्या डिस्कची खालची बाजू माखते.

आधी बर्न करा (डिस्कवर गाणी-व्हिडिओ भरा), तपासा, मगच छापा. छापल्यावर चोवीस तास एकावर एक रचू नका. पंख्याखाली वाळवा, उन्हात अजिबात नको. कागदी स्टिकरच्या वाटेला तर जाऊच नका, ते सुटतात आणि ड्राइव्हमध्ये डिस्क डगमगते.

हे सगळं माझ्या एकाच प्रिंटरच्या अनुभवावरून. कॅननवाल्यांनी आपापलं मॅन्युअल बघावं, आणि ट्रे ज्या मॉडेलचा त्यालाच वापरावा.

उरलेल्या डिस्क फेकू नका. बर्न त्या व्यवस्थित होतात. सीडी मार्करने नाव लिहून घरच्या फोटोंच्या बॅकअपला मी त्याच वापरल्या.