हिशेब विचारला म्हणजे अविश्वास दाखवला का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी 54 वर्षांची गृहिणी असून कराडला राहते. आमच्या गल्लीत बाराजणींची, महिना 2,000 रुपयांची भिशी होती. ती चालवणारी माझी वीस वर्षांची मैत्रीण आठव्या महिन्याचे पैसे गोळा करून घराला कुलूप लावून निघून गेली. मुलाच्या कर्जापायी तिने तसे केल्याचे मागाहून कळले. माझा नंबर तिसऱ्याच महिन्यात लागला होता, त्यामुळे माझे नुकसान झाले नाही. उरलेले हप्ते मी नंबर न लागलेल्यांना वाटून टाकले. परंतु माझ्या शब्दावर भिशीत आलेल्या माझ्या जाऊबाईंचे पैसे अडकले. तेव्हापासून मी भाजीवाल्याने दिलेले सुटे पैसे दोनदा मोजते, मुलाने वीजबिल भरले तरी पावती पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि कपाटाचे कुलूप रात्री तीन-तीनदा ओढून पाहते. माणसे ओळखण्याची माझी अक्कलच खोटी ठरली. आता गल्लीतल्या बायका बचत गट काढत आहेत आणि मी सचिव व्हावे, असा त्यांचा आग्रह आहे. जिचा स्वतःवरच विश्वास उरलेला नाही, तिने दुसऱ्यांचा पैसा सांभाळावा का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले एक वाक्य तुम्ही फार घाईने लिहिले आहे. ‘उरलेले हप्ते मी नंबर न लागलेल्यांना वाटून टाकले.’ म्हणजे चार महिन्यांचे 8,000 रुपये. भिशी मोडली, मागणारी व्यक्ती पळाली, कागद कुठेही नाही; अशा वेळी आपला नंबर लागून गेलेल्या किती जणी स्वतःहून पैसे देतात, हे तुम्ही गल्लीत पाहिलेच असेल. ‘माझा स्वतःवर विश्वास नाही’ असे लिहिणारी बाई कोणीही न विचारता आपला शब्द पाळते, आणि त्याची नोंद स्वतःच्या जमेच्या बाजूला मात्र करत नाही, हे मला तुमच्या फसवणुकीपेक्षाही अधिक खटकले.

अक्कल खोटी ठरली, हेही मला पटत नाही. वीस वर्षांत तुम्ही मैत्रिणीला ओळखले ते आजारपणात, लग्नकार्यात, अडीनडीला धावून येणारी म्हणून, आणि ती ओळख खोटी नव्हती. दारात सावकार उभा आणि हातात बाराजणींचे 24,000 रुपये, अशा वेळी ती काय करील, हे तुम्ही कधी पाहिलेच नव्हते. कदाचित तिलाही ते ठाऊक नसावे. माणूस एका कामासाठी भरवशाचा असतो आणि दुसऱ्यासाठी नसतो. शिवाय भिशीची घडणच अशी, की पहिल्या नंबरची बाई खरे तर कर्ज घेते आणि शेवटच्या नंबरची बिनव्याजी बचत करते, म्हणून सगळी जोखीम शेवटच्या नंबरांवर येते. तुमच्या जाऊबाईंचे 16,000 रुपये तिथेच गेले. पैसे गोळा करणे, ठेवणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे एकाच हातात होती, आणि ‘हिशेब कसा विचारायचा, तिला वाईट वाटेल’ या भिडेपोटी बाराजणी गप्प राहिल्या.

नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने 1992 साली बचत गट बँकांना जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून गावोगावी रुळलेली पंचसूत्री या भिडेवरचा चांगला उतारा आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत नोंदी. खाते गटाच्या नावावर असते आणि पैसे काढायला सहसा दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. इथे हिशेब विचारणे हा कामकाजाचाच भाग असल्याने तो कोणाच्या जिव्हारी लागत नाही. तुम्ही सचिव व्हा. मात्र दर बैठकीत पासबुक मोठ्याने वाचले जाईल आणि वर्षाने पद दुसरीकडे जाईल, या दोन अटी पहिल्याच इतिवृत्तात लिहून घ्या.

आता घरातले पाहू. ठरलेल्या वेळी, सर्वांसमोर, एकदा पाहिला तो हिशेब. मनातल्या मनात पुन्हा पुन्हा पाहिली जाते ती धास्ती. मुलाला सांगा, की पावत्या एका तारेला ओवून ठेव, मी महिन्याच्या 5 तारखेला पाहीन. मग मधले दिवस विचारायचे नाही. पहिल्या महिन्यात जिभेवर येईल, दुसऱ्यातही येईल. एखाद्या महिन्यात तो खरोखरच बिल भरायला विसरेल आणि तुम्हाला वाटेल, बघा, म्हटले नव्हते! तरीही पुढच्या महिन्याचे बिल त्याच्याकडेच द्या. कुलूप एकदा ओढायचे आणि ‘लागले’ असे तोंडाने म्हणायचे. एवढे करूनही काही आठवडे झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा मानू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

जाऊबाईंशी या विषयावर तुमचे अजून मोकळे बोलणे झालेले नसावे, असे पत्रावरून वाटते. ते गटाच्या आधी करा. क्षमा मागण्यापेक्षा ‘मी माझ्या शब्दावर तुम्हाला आणले आणि वही बघितली नाही’ एवढेच सांगा.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. सचिव मुलीने पासबुकातली शिल्लक वाचली. कोपऱ्यातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या आजी म्हणाल्या, “परत वाच.” मुलीने न रागावता परत वाचली. आजींनी बोटांच्या पेरांवर काहीतरी जुळवले, पदराच्या गाठीतून आपली शंभराची नोट सोडून सतरंजीवर ठेवली आणि म्हणाल्या, “हं, आता माझं लिही.”