पत्रास कारण की : मुखवटा काढून घेऊ का?

या खेपेला पोतडीतून चार पत्रं निवडली आणि चारही वाघाची निघाली. २९ जुलैचा व्याघ्रदिन नुकताच झाला, शाळाशाळांतून चित्रं रंगवून झाली, त्याचा परिणाम असेल. पहिल्या पत्राला मात्र व्याघ्रदिनाशी काही देणंघेणं नाही. माझी निम्म्याहून जास्त जागा त्यानेच खाल्ली आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : बाई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. मे महिन्यात माझे सासरे गेले. अकरा दिवस हॉस्पिटलात होते, घरी आलेच नाहीत. दोघांचं फार मेतकूट होतं, पण ते गेल्यावर मुलगा एकदाही रडला नाही. तेराव्यानंतर त्याने जत्रेत घेतलेला वाघाचा प्लॅस्टिकचा मुखवटा शोधून काढला, तो आता उतरवतच नाही. जेवताना कपाळावर सरकवतो, हात धुतले की परत खाली. नावाने हाक मारली तर ओ देत नाही, 'मी वाघ आहे' म्हणतो. दिवेलागणीला उंबऱ्यावर जाऊन बसतो, ते जेवणाची हाक येईपर्यंत. सासूबाई म्हणतात, घरात हे सोंग बरं नव्हे. शाळेतूनही दोनदा चिठ्ठी आली. (आजोबांबरोबर रोज संध्याकाळी 'चल रे भोपळ्या'चा खेळ चालायचा. ते चादर डोक्यावरून घेऊन म्हातारी व्हायचे आणि हा वाघ. त्यामुळे वाघाचं वेड तसं जुनंच आहे.) मुखवटा लपवून ठेवू का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : लपवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

ही गोष्ट आपण नेहमी म्हातारीच्या बाजूने सांगतो. लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. म्हातारी हुशार, भोपळ्यात बसून टुणूक टुणूक निसटते, मुलं टाळ्या पिटतात. आता एकदा वाघाच्या जागी बसून बघा. त्याला एका म्हाताऱ्या माणसाने शब्द दिलाय, 'जाऊन येते.' तो वाटेत बसून राहिलाय. गोष्टीत पुढे कोणी त्याची चौकशीसुद्धा करत नाही.

तुमचे सासरे हॉस्पिटलात जाताना नातवाला काय म्हणाले, आठवतंय? बहुतेक 'येतो हं' म्हणाले असतील. 'जातो' असं म्हणायची आपल्यात पद्धतच नाही, कोणी म्हटलं तर आपण दटावतो, 'येतो म्हण!' मोठ्यांना कळतं की ती बोलायची रीत आहे. साडेपाच वर्षांच्या मुलाला तो शब्द वाटतो. रोजच्या खेळात म्हातारी जायची आणि यायची. यंदा ती गेली, आणि वाघ उंबऱ्यावर बसलाय. दिवेलागणीला, खेळाच्याच वेळेला.

नावाला ओ देत नाही, त्याचाही फार धसका घेऊ नका. त्या नावाने हाक मारणारं एक माणूस घरातून कमी झालंय. नातू व्हायला आजोबा लागतात. वाघाला एकट्याने बसता येतं. ही माझी अटकळ आहे, निदान नव्हे. पण मी तीस वर्षं मुलांची नाटकं बसवली आहेत आणि या वाघाशी माझी एक जुनी गाठ आहे, ती सांगते.

१९९४ साल. नाशिकला चौथीचा वर्ग माझ्याकडे होता आणि स्नेहसंमेलनासाठी मी 'भोपळा' बसवत होते. ड्रेपरीवाल्याकडून वाघाचं कापडी अंग आणलं होतं, त्याला डांबरगोळ्यांचा वास. भोपळा म्हणजे सायकलच्या टायरवर बांधलेल्या बांबूच्या कामट्या आणि वरून पिवळा जिलेटिन कागद; आत वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी. वाघ झालेल्या मुलाचे वडील त्याच जूनमध्ये अपघातात गेले होते. मी मुद्दाम त्याला मोठी भूमिका दिली होती, तेवढंच मन रमेल म्हणून. वाघाने अडवायचं, विचारायचं, 'म्हातारीला पाहिलंस का?' आतून उत्तर येणार, 'कशाची म्हातारी नि कशाची कोतारी!' आणि वाघाने बाजूला व्हायचं. तो बाजूला होईना. तीन तालमी झाल्या. चौथ्या दिवशी त्याने भोपळ्याला दोन्ही हातांनी कवळा घातला, कामट्या कडाकडा मोडल्या, आतली मुलगी रडायला लागली आणि हा म्हणत राहिला, 'आत आहे. मला माहितेय, आत आहे.'

मी काय केलं? संमेलन आठवड्यावर आलेलं. भूमिका काढून घेतली आणि त्याला झाड केलं. दोन प्रवेश तो हात पसरून, क्रेप कागदाची पानं लावून, अगदी शहाण्यासारखा उभा राहिला. मुलगा सुधारला, असं मी शिक्षकखोलीत सांगितलंसुद्धा.

म्हणून सांगते, मुखवटा राहू दे. त्याच्याशी खेळा, पण म्हातारी होऊ नका, ती जागा आजोबांची. उंबऱ्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, 'वाघोबा, कोणाची वाट बघताय?' उत्तर लगेच येणार नाही. गुरगुरला तर तेही उत्तर धरा. मग त्याला साध्या शब्दांत सांगा : आजोबा मेले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. ते आता येणार नाहीत. त्यांना यायचं होतं, पण येता आलं नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका. 'मेले' हा शब्द जिभेवर येत नाही, माहीत आहे. पण 'देवाघरी गेले' म्हटलं की मूल विचारतं, घरीच गेलेत तर येत का नाहीत? आणि 'झोपले' म्हटलं की त्याला झोपायची भीती बसते. या वयात मरण म्हणजे कायमचं, हे एकदा सांगून कळत नाही. तो पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांगा.

शाळेशी तडजोड करा : वर्गात मुखवटा दप्तरात, सुटल्यावर तोंडावर. आणि सासूबाईंकडे जरा बघा. 'हे सोंग बरं नव्हे' असं त्या म्हणतात, त्यात शुभ-अशुभाचा भाग थोडाच असेल. रोज संध्याकाळी ज्या खेळाचा आवाज घरात असायचा, त्यातला अर्धाच खेळ समोर बसलेला त्यांना बघवत नसेल. खाणं-झोप आठवडेच्या आठवडे बिघडली, पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं, किंवा तो स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करू लागला, तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथेही मुखवटा घालून गेला तरी चालेल.

प्रश्न : मी अकोले तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. बालनाट्यातल्या वाघाच्या तोंडी 'खाईन' नको, मुलं घाबरतात, असं काही पालकांचं म्हणणं आहे. वाघाला शाकाहारी करावं का?

उत्तर : गुरुजी, तुम्ही अकोल्याचे आणि हे मला विचारता? तुमच्याकडे वाघबारशीला गुराखी पोरं वाघोबापुढे नैवेद्य दाखवतात, त्यांच्यातलाच एक वाघ होतो, बाकीचे त्याला हुसकावतात आणि 'आमच्या शिवारात पुन्हा येशील का?' असं विचारून 'नाही' म्हणवून घेतात. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं बालनाट्य तेच असावं, असं मला आपलं वाटतं. तिथे खाणार नसलेल्या वाघाला कोण कशाला हुसकावेल?

सुंदरबनात तर वाघाची भीती पुस्तकातली नाही. तिथे गावोगाव बनबिबी या वनदेवीचा 'पाला', म्हणजे लोकनाट्याचा खेळ, होतो. विधवेचा पोरगा दुखे काकाबरोबर मधासाठी जंगलात जातो. वाघाचं रूप घेणारा दक्षिणराय मध आणि मेणाच्या बदल्यात माणूस मागतो आणि काका पुतण्याला काठावर सोडून निघून येतो. ज्यांच्या घरातलं माणूस खरोखर वाघाने नेलंय, अशा बायका तो खेळ बघायला पोरं मांडीवर घेऊन बसतात. दुखेला बनबिबी वाचवते, पण आधी वाघ झेप घेतोच. ती झेप कापली तर बनबिबीला कामच उरत नाही. 'खाईन' राहू द्या. फक्त वाघाला पहिल्या रांगेच्या अंगावर धावून जायला लावू नका, तिथे बालवाडी बसते.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझी सात वर्षांची मुलगी चहाला आलेल्या वाघाच्या पुस्तकाची ('द टायगर हू केम टू टी') वेडी आहे. तो वाघ म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस, असं माझ्या वाचनात आलं. तिला हे सांगावं का?

उत्तर : सांगू नका. ज्यांनी ते लिहिलं-रंगवलं, त्या जुडिथ कर यांनीही असं कधी म्हटलं नाही. तो अर्थ लावला दुसऱ्यांनी, आणि अगदीच हवेत लावला असंही नाही. कर १९२३ साली बर्लिनमध्ये जन्मल्या. वडील आल्फ्रेड कर नावाजलेले नाट्यसमीक्षक, ज्यू आणि नाझींवर उघड टीका करणारे. १९३३ साली घरदार सोडून कुटुंब पळालं, तिकडे वडिलांची पुस्तकं जाळली गेली. असं बालपण असलेल्या बाईने, दार वाजतं आणि घरातलं सगळं फस्त करणारा पाहुणा आत येतो, अशी गोष्ट १९६८ साली छापली, तर लोक जोडणारच. बाई मात्र ठाम : मुलीला प्राणिसंग्रहालय दाखवून आणल्यावर सांगितलेली गोष्ट, वाघ म्हणजे वाघ. २०१९ साली पंचाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, तोवर हेच सांगत होत्या.

मला स्वतःला त्या पुस्तकाचा शेवट आवडतो. वाघ नळाचं पाणीसुद्धा संपवून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजारात जाऊन वाघाच्या खाऊचा एक मोठा डबा आणून ठेवतात, न जाणो, परत आला तर. तो येत नाही. तुमच्या लेकीला विचारा, त्या डब्याचं पुढे काय झालं असेल. ती जे सांगेल ते गुप्त पोलिसांपेक्षा नक्कीच ऐकण्यासारखं असेल.

ती मोठी झाली की पाँडिचेरीच्या पाय पटेल या मुलाची गोष्ट, 'लाइफ ऑफ पाय', रंगभूमीवर जरूर दाखवा. सगळं कुटुंब बुडालेला मुलगा आणि एका होडीत त्याच्याबरोबर वाघ. बाहुलीचा वाघ एका वेळी तीन माणसं चालवतात : डोकं, छाती आणि मागचं अंग. माणसं लपवलेली नाहीत, ढळढळीत दिसतात, तरी पाच मिनिटांत फक्त वाघच दिसतो. २०२२ साली लंडनच्या ऑलिव्हिए पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्याचा मान हा वाघ चालवणाऱ्या सात जणांना मिळून दिला. गोष्टीत किनारा लागल्यावर वाघ मागे वळूनही न बघता जंगलात निघून जातो, आणि वाचलेला मुलगा रडतो तो निरोप राहून गेला म्हणून. (डोंबिवलीच्या आई, आपलं मूल वेडावलंय का, ही शंका मनात असेल तर या वाघाकडे बघा. आत माणूस आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या मुलालाही आहे.)

प्रश्न : मुलांना बराच वेळ घालता येईल असा वाघाचा मुखवटा घरी कसा करावा?

उत्तर : रद्दीचे तुकडे रात्रभर भिजत घाला. मैद्याची खळ शिजवा. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत, ते विष आहे, मुलांच्या तोंडाशी अजिबात नको. त्यापेक्षा ताजी खळ करा आणि मुखवटा नीट वाळवा. फुगवलेल्या फुग्याच्या अर्ध्या भागावर कागदाचे पाच-सहा थर द्या, सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, मग रंगवा. डोळ्यांची भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी कापा. माझे दोन वाघ रंगमंचाच्या पायरीवरून पडलेले आहेत. नाकाखालचा भाग उघडाच ठेवा, म्हणजे घाम कमी येतो आणि जेवताही येतं. इलॅस्टिक कानामागे काचतं, त्याऐवजी परकराची रुंद नाडी लावा.

जत्रेतला प्लॅस्टिकचाच मुखवटा हवा असा हट्ट असेल, आणि डोंबिवलीत तो असणारच, तर त्याची कड गालाला कापते. जुन्या सुती साडीची बोटभर पट्टी कडेने आतून चिकटवून घ्या. रात्री तो झोपल्यावर करा, आणि सकाळी उठायच्या आत मुखवटा उशाशी परत ठेवा.