रणगाडे ‘लपवले’ की ‘छलावरण केले’?

कराडच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: भाषांतराच्या उताऱ्यात तिने ‘जवानांनी रणगाडे लपवले’ असं लिहिलं, सरांनी ते खोडून ‘छलावरण केले’ केलं. बरोबर काय?

‘छलावरण’ म्हणजे कॅमोफ्लाज, हिंदीच्या वळणाचा शब्द. छल म्हणजे फसवणूक हे खरं, पण मराठी कानाला आधी ‘छळ’ ऐकू येतो आणि रणगाड्याला सासुरवास सुरू झाल्यासारखं वाटतं. त्याच अर्थाचा ‘मायावरण’ त्यापेक्षा बरा. मायेचे आपल्याकडे शिंप्याने शिवणीत सोडलेल्या कापडापर्यंत नाना अर्थ आहेत, तरी मायावी मारीच सगळ्यांना ठाऊक असल्याने भुलवण्याचा अर्थ चटकन पोचतो.

पण खरी मेख क्रियापदात आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाशी आपल्या फौजेने उभ्या उसात रणगाडे ठेवून पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांची वाट पाहिली. तिथे ‘लपवले’ किंवा ‘दडवले’च हवं, ‘दबा धरून बसले’ तर आणखी नेमकं. उसात काय काय दडतं हे बिबट्याच्या धाकाने शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या कराडकरांना मी काय सांगणार!

माण-खटावसारख्या उघड्या माळावर आडोसाच नसेल तर? मग गाडीवर जाळी टाकतात, तीत गोणपाटाच्या पट्ट्या आणि तिथलीच झुडपं खोचतात. तोफेच्या नळीची सरळ रेघ मोडतात, चकाकणाऱ्या काचा झाकतात. रणगाड्याच्या चाकांवरच्या साखळी-पट्ट्यांनी जमिनीत उमटवलेल्या खुणाही पुसाव्या लागतात, नाहीतर विमानातून बघणारा माग काढत थेट गाडीपर्यंत येतो. खोचलेल्या फांद्या सुकल्या की बदलायच्या. हिरव्या माळावर वाळका ढीग लगेच डोळ्यात भरतो. रणगाडा डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही, ते मायावरण. वाक्यात मात्र मी ‘रणगाडे माळात बेमालूम मिसळून टाकले’ असं लिहीन.

तिसरा प्रकार १९४२ चा. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईआधी ब्रिटिशांनी रणगाड्यांवर कापडी सांगाडे चढवून ते ट्रक असल्याचं भासवलं. याला मायावरण म्हणणं कोरडं वाटतं. रणगाड्याला ट्रकचं सोंग दिलं, वेषांतर केलं.

बाकी, सातारा जिल्ह्यातला रणगाडा दलातून निवृत्त झालेला रिसालदार सरळ ‘कॅमोफ्लाज केलं’ म्हणेल. उताऱ्यात जवानाच्या तोंडचा संवाद असेल तर तेच ठेवावं. निवेदन असेल तर उताऱ्यात ऊस आहे की जाळी, एवढं बघायचं. ऊस किंवा झाडी असेल, तर सरांनी उगाच खोडलं.