‘राजेशाही’त राजा दोनदा, ‘लोकशाही’तही एकदा

प्रश्न : ‘घटनात्मक राजेशाही’ आणि ‘घटनात्मक लोकशाही’ हे विरुद्धार्थी शब्द मानावेत का?

मुळीच नाही. राजेशाहीच्या विरुद्ध प्रजासत्ताक आणि लोकशाहीच्या विरुद्ध हुकूमशाही. गादी कोणाकडे, हा एक प्रश्न. कारभार कोणाच्या मताने, हा दुसरा. नॉर्वे, डेन्मार्क, जपान इथे गादी वारशाने मिळते आणि सरकार मतपेटीतून येते. आपल्या उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ असे दोन्ही शब्द आहेत ते उगाच नव्हे. तरी 26 जानेवारीला पुण्यात ‘लोकशाही दिनाच्या शुभेच्छा’ ऐकाव्या लागतात! लोकशाही दिन असतो महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात, तक्रारी ऐकण्यासाठी. 26 जानेवारी प्रजासत्ताकाची. कारण 1947 नंतरही ब्रिटनचे सहावे जॉर्ज आपले राजे होते, ते 1950 साली त्या दिवशी राहिले नाहीत.

खरी मौज ‘शाही’त आहे. फारसी ‘शाह’, म्हणजे राजा, हा प्राचीन फारसीतल्या ‘ख्शायथिय’चा झिजलेला अवतार. इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात सम्राट दारयवहु (डरायस) स्वतःला तेच म्हणवतो. त्याचा धातू आणि संस्कृत ‘क्षत्र’ यांचे मूळ एकच : सत्ता असणे. ‘क्षत्रप’, म्हणजे प्रांताधिपती, हाही त्याच कुळातला. (‘छत्रपती’ला इथे ओढू नये, तो छत्रावरून, धातू ‘छद्’, झाकणे.) आता जुन्नरला चला. मानमोडीच्या लेण्यांत शक राजा नहपान याच्या अमात्याचा लेख आहे, त्यात नहपान ‘महाखतप’, म्हणजे महाक्षत्रप. सुमारे चौदाशे वर्षांनी, 1490 मध्ये, त्याच जुन्नरात मलिक अहमदने निजामशाही उभी केली. एकच धातू, एकाच गावात, दोन वाटांनी आला!

‘शाही’ परकी म्हणून ‘लोकतंत्र’ लिहा, असा आग्रह धरणाऱ्यांनी आधी ‘शिंदेशाही पगडी’ समजावून द्यावी. त्या पगडीत राज्य कोण करतो? तिथे ‘शाही’ म्हणजे घडण, थाट. माझे ठाम मत असे की दख्खनच्या पाच शाह्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळल्यामुळेच हा प्रत्यय आपल्याकडे इतका मोकळा झाला. घराणेशाही, दडपशाही, झुंडशाही, नोकरशाही : यांतल्या एकाला तरी ‘तंत्र’ लावून बोलून पाहा. उलट ‘प्रजासत्ताक’ या अस्सल संस्कृत शब्दातली ‘प्रजा’ राजावाचून सुचतच नाही, त्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नाही.

आणि बुद्धिबळातला ‘शह’? तोही हाच शाह. म्हणजे ‘काटशह’ देतानाही आपण राजाचेच नाव घेतो.