काळे म्हणून घेतलेले शिह त्झूचे पिल्लू राखाडी होऊ लागले आहे. ब्रीडरने आम्हाला फसवले का?

आपण लिहिले आहे की पिल्लू घेताना काळेभोर होते, आता ते साडेचार महिन्यांचे आहे, डोळ्यांभोवतीचे आणि पंजांवरचे केस राखाडी दिसू लागले आहेत, आणि घरातील मंडळींच्या मते ब्रीडरकडे, म्हणजे पिल्ले पैदास करून विकणाऱ्याकडे, जाऊन पैसे परत मागावेत. शेवटी रंग कोणता राहील, हेही आपण विचारले आहे. पैसे मागायला निघण्यापूर्वी कृपया हे उत्तर पूर्ण वाचावे, कारण मी तशी गेले होते, आणि त्या दुपारची आठवण झाली की आजही मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

आमची कुत्रीही शिह त्झूच, म्हणजे लांब केसांच्या छोट्या जातीची; तिचे नाव काजळ. 2017 च्या दिवाळीत नऊ आठवड्यांची असताना आम्ही तिला पुण्यात घरी आणले, तेव्हा ती इतकी काळी होती की संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय तिचे डोळे कुठे आहेत ते समजत नसे; छातीवर तेवढा बोटाच्या पेराएवढा एक पांढरा ठिपका होता. नाव मुलीने ठेवले. ब्रीडरने तिच्या काळ्या-पांढऱ्या भावंडांपेक्षा पाच हजार रुपये जास्त घेतले होते, कारण संपूर्ण काळा रंग दुर्मीळ असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसऱ्या महिन्यात तिच्या बोटांच्या मधले केस करडे दिसू लागले. सासूबाईंनी तो अशक्तपणा ठरवला आणि माक्याचे तेल सुरू केले. पंधरा दिवस रोज सकाळी काजळच्या पायांना माका चोळला जाई, ती तो इमानेइतबारे चाटून काढी, आणि पंधराव्या दिवशी जुलाब लागल्यामुळे तो प्रयोग थांबला. रंगावर काडीचाही परिणाम झाला नाही. पोट बिघडले, एवढेच.

खरा प्रसंग पुढच्या मे महिन्यात घडला. उन्हाळा वाढला, केसांत गुंते झाले, म्हणून यजमानांनी तिला नेऊन ग्रूमरकडून, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून, अंगभर मशीन फिरवून आणली. त्याच आठवड्यात माझे थोरले दीर मिरजेहून आमच्याकडे राहायला आले होते. भावजींनी वाड्यात तीन अल्सेशियन पाळले होते, त्यामुळे कुत्रा या विषयावर आमच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. यजमानांनी पिशवीची चेन उघडली आणि आतून जी कुत्री बाहेर आली तिची पाठ पेन्सिलीच्या शिशाच्या रंगाची होती, पाय चुलीतल्या राखेसारखे होते, आणि काळे असे केवळ नाक व कानांची टोके उरली होती. भावजींनी चष्मा वर केला आणि निकाल दिला, "ही आपली कुत्री नव्हे. बदलून दिली आहे." तो निकाल लागत असताना काजळ नेहमीप्रमाणे दाराशी गेली आणि त्यांच्याच चपलेवर हनुवटी टेकून झोपली. हा पुरावा कोणीही विचारात घेतला नाही.

आम्ही त्या ग्रूमरकडे गेलो. विशीतला मुलगा होता. भावजींचा आवाज चढल्यावर त्याने निमूटपणे कचऱ्याची बादली आणली आणि काजळचे कापलेले केस टेबलावर पसरले. प्रत्येक बट टोकाला काळी होती आणि जिथे कापली होती तिथे चंदेरी. आमच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटायला हवे होते, पण ते व्हेटकडे गेले. तिथे यंत्राने तिच्या कातडीखालची ओळखीची चिप वाचली गेली, आणि तो पंधरा अंकी क्रमांक आमच्या फाइलमधल्या क्रमांकाशी अंक न अंक जुळला. कुत्री आमचीच होती.

यावर भावजींनी घरी येऊन नवा सिद्धान्त मांडला. काजळच्या कानामागची, मशीन न लागलेली एक बट त्यांनी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "मुळाशी पांढरे, टोकाशी काळे. याला कलप म्हणतात. मी वीस वर्षे लावतो आहे, मला शिकवू नका." यजमानांनी हळूच विचारले, "दादा, सात महिने टिकणारा कलप कुठे मिळतो?" तो प्रश्नही कोणी विचारात घेतला नाही. मी तर नाहीच, कारण पाच हजार रुपयांचा सल माझ्या मनात होता, आणि माणसाच्या डोक्याबाबत भावजींचे निरीक्षण अगदी बिनचूक होते.

दुसऱ्या दिवशी ब्रीडरकडे जाऊन जे बोलायचे ते मीच बोलले. तिथे एक तरुण जोडपे पिल्ले पाहत बसले होते आणि त्यांच्यासमोर मी, "तुम्ही कलप लावून पिल्ले विकता," असे मोठ्याने म्हणाले. त्या बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या आत गेल्या आणि काजळच्या आईला कडेवर घेऊन आल्या. ती हुबेहूब काजळ होती: तीच शिशाची पाठ, तेच राखेचे पाय, तेच काळे नाक. मग त्यांनी फोनमध्ये त्याच कुत्रीचा ती दोन महिन्यांची असतानाचा फोटो दाखवला. काळीभोर. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे. मेंडेलचे वाटाणे मी फळ्यावर किती वेळा काढले असतील याची गणती नाही. आणि पिल्लाचे पुढे काय होणार हे ओळखण्यासाठी आधी त्याच्या आईवडिलांकडे पाहावे, एवढी साधी गोष्ट मला एका अनोळखी बाईने एक शब्दही न उच्चारता शिकवली.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. काही कुत्र्यांमध्ये काळा रंग वयाबरोबर क्रमाने उतरत जातो. पिल्लू पूर्ण काळे जन्मते, पण नंतर मुळातून येणाऱ्या केसात काळे रंगद्रव्य उत्तरोत्तर कमी भरले जाते, त्यामुळे टोक काळे आणि मूळ चंदेरी असा केस तयार होतो. हे म्हातारपणाचे पिकणे नव्हे, आजार नव्हे आणि अशक्तपणाही नव्हे. दाढीमिशा असलेल्या, लांब केसांच्या जातींत ते विशेष आढळते. यॉर्कशायर टेरियरची पिल्ले काळी आणि तांबूस जन्मतात आणि त्यांच्या काळ्याचा पोलादी निळसर रंग होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. चंदेरी पूडलही काळा जन्मतो. सुमारे सहा आठवड्यांचा असताना त्याचे तोंड व पाय भादरले की खालून चंदेरी केस दिसतात, आणि जाणकार मंडळी तेव्हाच ओळखतात. केरी ब्लू टेरियर हा कुत्रा लहान नाही, पण त्याचे उदाहरण बोलके आहे: अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार, म्हणजे जातीच्या लिखित वर्णनानुसार, तो अठरा महिन्यांनंतरही काळाच राहिला तर प्रदर्शनातून बाद होतो. आपण ज्याला फसवणूक म्हणत आहात, ते तिथे जातिवंतपणाचे लक्षण मानले जाते.

हा गुण प्रभावी मानला जातो. एका पालकाकडून त्या जनुकाची एक प्रत मिळाली तरी पुरते, आणि म्हणूनच आईवडिलांपैकी निदान एकाचा रंग सहसा तसा उतरलेला असतो. आपण पिल्लाची आई पाहिली होती का? पाहिली असल्यास तिच्या नाकाचा नव्हे तर पाठीचा रंग आठवा. वडील बहुधा दुसऱ्या गावी असतात, तेव्हा त्यांचा दोन वर्षांपुढचा फोटो मागावा. सहा महिन्यांचा फोटो निरुपयोगी असतो.

तपासणी घरीच करता येते. दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसून कंगव्याच्या टोकाने कानामागे आणि पाठीच्या कण्यावर भांग पाडावा. मुळाचा रंग हाच पुढील रंगाचा अंदाज होय. नंतर नाक, ओठांची कड, पापण्यांची कड आणि पंजांचे तळवे पाहावेत, कारण वर सांगितलेल्या बदलाने केस फिके होतात, पण ही कातडी काळीच राहते. नाक तपकिरी असेल तर पिल्लू मुळातच चॉकलेटी आहे आणि ते सावलीत काळे भासले असावे. नाक पाटीसारखे करडे असेल तर ते ज्याला ‘ब्लू’ म्हणतात त्या फिक्या रंगाचे आहे. हे दोन्ही रंग अप्रभावी जनुकांमुळे, म्हणजे आईवडील दोघांकडून एकेक प्रत आल्यावरच दिसतात, आणि ते जन्मापासून असतात, मागाहून येत नाहीत.

सोनेरी पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या केसांच्या टोकांना काळी झाक असते, ती केस वाढून कापले गेले की जाते, आणि मालकीण म्हणते की ग्रूमरने रंग घालवला. बिचाऱ्या ग्रूमरांच्या वाट्याला हे नेहमीच येते. कपाळावरचा पांढरा पट्टाही डोके वाढताना अरुंद होतो.

अंतिम रंगाबाबत मी एवढेच सांगेन की दोन वर्षांपर्यंत कोणाशी पैज लावू नये. काजळ वर्षाची असताना शिशाच्या रंगाची होती, दोन वर्षांची झाल्यावर चंदेरी झाली, आणि कानांची टोके अजूनही गडद आहेत. आपले पिल्लू तिथवर पोहोचेल की गडद राखाडीवर थांबेल, हे त्याच्या पालकांच्या फोटोंवरूनच थोडेफार कळेल. दर महिन्याला त्याच खिडकीत एक फोटो काढून ठेवावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की पिल्लाच्या रंगासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. शिह त्झूच्या मानकात सर्व रंग मान्य आहेत, त्यामुळे ‘दुर्मीळ रंग’ ही किंमत वाढवण्याची भाषा आहे, जशी अतिलहान पिल्लांसाठीची ‘टीकप’ आणि ‘इम्पीरियल’ ही आहे. केनेल क्लबच्या कागदावरचा रंगही पिल्लूपणीचा असतो; ओळख चिपने पटते, रंगाने नाही.

येथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी मी घरात कधीही कबूल केलेली नाही. त्या बाईंना आईचा रंग ठाऊक होता, तिचा पिल्लूपणीचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता, आणि तरीही त्यांनी काळ्या रंगाचे पाच हजार घेतले. मी क्षमा मागितल्यावर हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाही." म्हणजे कलप नव्हता, पण सचोटीही पूर्ण नव्हती. आपल्याकडूनही काळ्या रंगाचे म्हणून वेगळे पैसे घेतले असतील आणि आई चंदेरी असेल, तर तेवढे पैसे मागण्यास हरकत नाही. मात्र आवाज न चढवता मागावेत. याशिवाय 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार श्वान पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. पिल्लू पाच आठवड्यांचे असताना तुमच्या हातात दिले असेल, तर रंगापेक्षा ती तक्रार मोठी आहे.

सर्वच बदल निरुपद्रवी असतात असाही अर्थ कोणी काढू नये. केस विरळ होऊन टक्कल दिसत असेल, कातडी काळवंडत असेल किंवा खपल्या धरत असेल, तर व्हेटकडेच जावे. काळ्या केसांना विटकरी झाक येत असेल, तर ऊन किंवा निकृष्ट आहार हे कारण असू शकते. दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लांबद्दल मी हे मुद्दाम लिहीत आहे. डोळ्यांखालचे तांबडे ओघळ अश्रूंतील द्रव्याचे असतात, आणि पंजे तांबूस झाले असतील तर पिल्लू ते सतत चाटत आहे, म्हणजे कुठेतरी खाज आहे. आपण पंजांचा उल्लेख केला आहे, म्हणून ते राखाडीच आहेत ना, तांबूस नाहीत ना, हे एकदा नीट पाहावे.

आणि घरातील जे सदस्य आपल्याला पैसे परत मागायला सांगत आहेत, त्यांनी पूर्वी कोणती कुत्री पाळली होती हे जरूर विचारावे. अल्सेशियन पाळल्याने शिह त्झू कळत नाही. अल्सेशियनच्या पिल्लाचाही रंग वाढताना बराच बदलतो, हे भावजींच्या वाड्यात तीनदा घडले असणार. पण त्यांच्या कुत्र्याचा रंग बदलला की तो रुबाब होतो आणि माझ्या कुत्रीचा बदलला की कलप ठरतो. गेल्या वर्षी एका मुंजीत त्यांनी दहा माणसांसमोर पुन्हा सांगितले की आमची कुत्री ग्रूमरने बदलली. काजळचे नाव बदलून विभूती ठेवा, ही सूचनाही त्यांचीच.

हे उत्तर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी ना कोणी पाठवणारच आहे, म्हणून एवढे लिहून ठेवते: ब्रीडरबाईंची क्षमा मी त्याच आठवड्यात मागितली आणि त्या ग्रूमर मुलाची पुढच्या महिन्यात, पेढे घेऊन जाऊन. काजळचे केस अजून तोच कापतो. त्याच्याकडे भावजींचे जाणे मात्र अजून व्हायचे आहे.