किशोरवयीन मुलांनी वाचून चर्चा करावी अशी ख्रिस्ती पुस्तकं कशी निवडावीत?

तुम्ही १३ ते १७ वयोगटाच्या वाचनगटासाठी 'विश्वास वाढवणारी, पण वादग्रस्त नसलेली' पाच पुस्तकं मागितली आहेत. गडबड या अटीतच आहे. ज्या पुस्तकावर दोन प्रामाणिक विश्वासी माणसांचं दुमत होऊ शकत नाही, त्यावर तासभर बोलायचं काय? मुलं 'हो, प्रार्थना करायला हवी' असं म्हणतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. मग मोठी माणसं तक्रार करतात की हल्लीची पिढी वाचत नाही.

'द हायडिंग प्लेस'चंच बघा. कोरी टेन बूमचं हे आत्मकथन १९७१ साली आलं. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये घड्याळजींचं एक कुटुंब ज्यूंना घरात लपवतं, पकडलं जातं आणि छळछावणीत पोचतं. या पुस्तकाबद्दल 'छान आहे, पण मुलांना खोटं बोलायला शिकवतं' हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की आता राग लपवणं जमत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी पुस्तक निम्मंच वाचलेलं असतं. ते खोटं बोलायला शिकवत नाही. तो प्रश्न ते उघडा ठेवतं, आणि तुम्हाला हवं आहे ते नेमकं हेच.

कोरीला मध्यरात्री झोपेतून उठवून 'ज्यू कुठे लपवलेत?' असं विचारायचा सराव करून घेतला जातो, म्हणजे अर्धवट झोपेतही तिच्या तोंडून खरं निसटू नये. तिची बहीण नॉली मात्र खोटं बोलायलाच तयार नाही. तिच्या घरी धाड पडते, तिच्याकडे आसऱ्याला असलेल्या ॲनालीस नावाच्या ज्यू मुलीकडे बोट दाखवून शिपाई विचारतात, 'ही ज्यू आहे का?' आणि नॉली 'हो' म्हणते. दोघींनाही नेतात. देव ॲनालीसला काही होऊ देणार नाही असा निरोप नॉली तुरुंगातून पाठवते. पुढे भूमिगत चळवळीतले लोक, जिथे ज्यूंना डांबलं होतं ते नाट्यगृह फोडतात आणि ॲनालीस खरंच सुटते.

आता गटाला विचारा: ती सुटली नसती तर नॉली चुकीची ठरली असती का? फोडाफोडी करून तिला सोडवणाऱ्यांनी फसवाफसवी केलीच असणार, मग नॉलीचा खरेपणा निभावला कोणाच्या जिवावर? आणि 'हो' ऐकलं त्या क्षणी ॲनालीसला काय वाटलं असेल? तिसरा प्रश्न आधी विचारा. पहिले दोन लगेच टाकले तर हुशार दोघं-तिघं वकिली सुरू करतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. नंतर पवित्र शास्त्र उघडा: निर्गम १ मधल्या, फारोला खोटं सांगून बाळं वाचवणाऱ्या सुइणी शिप्रा आणि पुवा, यहोशवा २ मधली, इस्राएली हेरांना लपवून खोटं सांगणारी राहाब, आणि समोर निर्गम २०:१६, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा. इब्री ११:३१ आणि याकोब २:२५ दोन्ही राहाबेची वाखाणणी करतात, पण हेरांचा पाहुणचार आणि त्यांना सुखरूप वाटेला लावणं याबद्दल. तिच्या थापेचं नाव काढत नाहीत. हे मुलांना स्वतः सापडू द्या. तुम्ही सांगून टाकलंत तर तास तिथेच संपला.

पुस्तकात १५ प्रकरणं आहेत. दर बैठकीला दोन, म्हणजे आठ आठवड्यांत होतं. सुरुवातीची प्रकरणं संथ आहेत, तिथेच गळती लागते. म्हणून पहिली तीन एकदम द्या, म्हणजे सातच आठवडे लागतील. छळछावणीच्या बराकीतल्या पिसवांबद्दल कोरीची दुसरी बहीण बेट्सी देवाचे आभार मानते तो प्रसंग १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ बरोबर घ्या, पण पिसवांमुळेच पहारेकरी आत येत नव्हते हा उलगडा वाचण्याआधी थांबा. नाहीतर उत्तर आधीच हाती आलेलं असतं. वयाने लहान असलेल्यांना रावेन्सब्रुक या छळछावणीचा भाग जड जातो, म्हणून १४ च्या खाली हे पुस्तक देऊ नका. १३ आणि १७ चा एकच गट करणं हीसुद्धा मला चूकच वाटते. किमान दोन गट करा, प्रत्येकी सहा ते आठ जणांचे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मिशनऱ्यांची चरित्रं घेताना कुटुंबाबद्दलचा भाग आधी तपासा. भारतात आलेला इंग्रज मिशनरी विल्यम केरी याचं चरित्र असेल तर त्याची बायको डोरथी किती पानांत आहे ते बघा. तिला सुरुवातीला भारतात यायचंच नव्हतं. १७९४ मध्ये मुलगा पीटर वारला, तिचं मानसिक संतुलन ढळलं आणि १८०७ मध्ये ती गेली. हे सगळं दोन ओळींत उरकणारं चरित्र परत कपाटात ठेवा. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तर चर्चेसाठीच लिहिलंय की काय असं वाटतं: नवरा १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतो, बायको तेव्हा घेत नाही, आणि दोघांचीही बाजू वाचकाला पटत राहते. शिवाय पुस्तक हसवतं. पूर्ण झेपणार नाही, निवडक भाग घ्या. सी. एस. लुईसचं 'स्क्रूटेप लेटर्स' १६ च्या पुढे; त्यात ३१ छोटी पत्रं आहेत, बैठकीला दोन पुरेत. सैतानाच्या बाजूने लिहिलेलं असल्याने 'शत्रू' म्हणजे देव, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर निम्मा गट उलटंच समजून बसतो.

साक्षीच्या, म्हणजे आपलं आयुष्य देवाने कसं बदललं ते सांगणाऱ्या पुस्तकांत दीडशे पानं व्यसन-मारामारी आणि शेवटच्या वीस पानांत तारण, असा साचा असेल तर मुलांना दीडशे पानंच आठवतात. प्रेम-लग्न या विषयावरच्या पुस्तकांत नियमावली देणारी टाळा. १९९७ च्या, डेटिंग नकोच म्हणणाऱ्या 'आय किस्ड डेटिंग गुडबाय' या पुस्तकाच्या लेखकाने ते विशीच्या सुरुवातीला लिहिलं आणि २०१८ मध्ये स्वतःच त्याचं प्रकाशन थांबवलं. तोपर्यंत ते किती घरांत कायद्यासारखं वापरलं गेलं होतं!

निवडताना अख्खं पुस्तक वाचायला वेळ नसेल तर तीन ठिकाणं वाचा: पहिली दहा पानं, दुःख किंवा शंका येते ती जागा, आणि तिचं उत्तर मिळतं ती जागा. शंका आणि उत्तर एकाच पानावर असतील तर सोडून द्या. एक पान मोठ्याने वाचून बघा; तुम्हीच अडखळलात तर मुलं वाचणार नाहीत. संथ सुरुवातीसारखा अपवाद सोडला तर आठवड्याला साधारण ३० पानांपेक्षा जास्त देऊ नका. काही जण तरीही न वाचता येणारच, म्हणून बैठकीची सुरुवात दोन-तीन पानं मोठ्याने वाचून करा, म्हणजे त्यांनाही बोलता येतं. प्रकरणाच्या शेवटी छापलेले प्रश्न वगळा, त्यांची उत्तरं प्रश्नातच दडलेली असतात. प्रश्न विचारून झाला की मनात पंधरा अंक मोजा आणि गप्प राहा. शांतता असह्य होऊन पुढारीच बोलायला लागतो आणि सगळं बिघडतं. तुमचं मत सगळ्यात शेवटी.

हो, एक राहिलं. गटात वेगवेगळ्या पंथांची मुलं असतील तर बाप्तिस्मा, संत, शेवटचा काळ यांवरची पुस्तकं पहिल्या वर्षी नकोत. तिथे मुलं स्वतःचं न बोलता घरचं बोलतात. पालकांना पुस्तकाचं नाव आणि त्यातले जड प्रसंग आधी कळवा. आणि चर्चेत एखाद्याने मारहाण, छळ किंवा जीव द्यावासा वाटण्याबद्दल काही सांगितलं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ज्या मोठ्या माणसांना सांगावं लागेल त्यांना सांगणार, हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट करा. मात्र ही सबब पुढे करून 'म्हणूनच साधी पुस्तकं बरी' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. असं काही मनात असलेलं मूल साध्या पुस्तकाच्या गटातही बसलेलं असतं, फक्त तिथे ते बोलत नाही.