इटलीच्या तोस्काना (टस्कनी) प्रांतामधील गावे एकाच मुक्कामावरून पाहायची असतील, तर कुठे राहावे?

चार-पाच दिवस मुक्काम न बदलता तोस्कानातील खेडी पाहायची असतील, तर गाडी चालवणार की नाही, हे आधी ठरवावे. गाडी नसेल तर सिएना हे शहर निवडावे. तेथून सान जिमिन्यानो आणि फ्लॉरेन्स येथे बसने जाऊन संध्याकाळी परतता येते, मात्र रविवारी बस फारच कमी असतात.

गाडी असेल तर माझे मत निःसंशय सान क्विरिको दोर्चाच्या बाजूने आहे. कॅसिया या जुन्या रोमन रस्त्यावरचे हे तटबंदीचे छोटे गाव असून पिएन्झा, मोंताल्चिनो आणि मोंतेपुल्चानो ही गावे येथून जवळ आहेत. अगदी शेजारी बान्यो विन्योनी आहे, जिथे गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचा दगडी हौद आहे आणि थंडीच्या सकाळी त्यावर वाफ तरंगत असते (त्या हौदात उतरण्यास मात्र बंदी आहे).

घर घेताना पार्किंग तटबंदीबाहेर आहे ना, हे अवश्य विचारावे, कारण अनेक जुन्या गावांत बाहेरच्या वाहनांना प्रवेशबंदी असते, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंड पुढे भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत आपल्यापर्यंत पोहोचतो. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून घ्यावा.